समोसे, अभ्रक आणि तुमचा पेंटागोनाइट

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. कळवा.

वहिनी, तुमच्या खोलीतला सांगाडा उतरवायला आले आहे. शिडी खालच्या मजल्यावरच्यांची, कात्री माझी, खोकी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची. परवा टेम्पो येणार. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि दुसऱ्या मजल्यावर आता फक्त भाऊजी राहिलेत. नवी इमारत उभी राहीपर्यंत ते डोंबिवलीला आमच्याकडे येणार, हे तुमच्या समोरच ठरलं होतं. भांडी बांधून झाली, पुस्तकं बांधून झाली, कपाट रिकामं झालं. छताला टांगलेला तुमचा पुठ्ठ्याचा पेंटागोनाइट तेवढा राहिला.

तो दारातून जात नाही. तो दारातून जाणार नाही हे आपल्याला तो बांधून झाला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणजे गाठी सोडायच्या, तुकडे खोक्यांत भरायचे आणि डोंबिवलीला परत बांधायचा. वर्कशॉपच्या छताला हूकही ठोकून घेतलाय. साधं काम आहे. पण मी शिडी उघडली आणि भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"काय करतेयस?"

"सोडवतेय."

"नको."

"भाऊजी, दारातून जात नाही ते."

"मग राहू दे इथंच."

"इथं बिल्डिंग पाडणारेत."

"मला माहितेय पाडणारेत. सही मीच केलेय." मग कात्रीकडे बघून, "सोडवलंस तर परत बांधणार कोण?"

"मी."

"तुला येतं?"

"येतं की."

"तुला अभ्रक येतो," ते म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

आपल्या घरातला हा जुना विनोद. आज मात्र तो विनोद म्हणून आला नाही. तर मी शिडी मिटली आणि तुमच्या पलंगावर बसले. तुमच्या कॉलेजातून फोन आलेला, मॅडमबद्दल चार ओळी लिहून द्या म्हणून. तुम्ही कुठे शिकलात, कधी रुजू झालात, कधी निवृत्त झालात ते त्यांच्याकडे आहेच. मी दुसरंच लिहिते. चहा होईपर्यंत आणि भाऊजी ऐकेपर्यंत.

तुम्ही माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आलात ते मोठी जाऊ म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा वर्कशॉप म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, कामट्यांचे भारे, खळीचं पातेलं, कागदाचे गठ्ठे आणि पाच बायका. आकाशकंदील आम्ही वर्षभर बांधतो. दिवाळीला ते विकतो एवढंच. तुम्ही कल्याणहून कॉलेज सुटल्यावर थेट आलेलात, कडक इस्त्रीच्या साडीत, आणि चपला दाराबाहेर काढाव्यात का हे तुम्हाला कळत नव्हतं.

"शुभा, मला ठोकळे हवेत. चार त्रिकोणांचे. सगळ्या बाजू सारख्या."

"किती?"

"शंभरेक."

संगीताने, आमच्या सगळ्यांत जुन्या कारागीर बाईने, पुठ्ठ्याच्या पट्टीला तीन घड्या घातल्या, टोक आत खोचलं आणि तुमच्यासमोर धरलं. "हा तर समोसा."

"समोसा नाही. चतुष्फलक."

"तेच ते, मॅडम. भाजी भरायची राहिलीय फक्त."

तुम्ही रागवाल असं मला वाटलं. तुम्ही तो हातात घेऊन फिरवून पाहिलात. "भाजी आहे ना. आत मधोमध सिलिकॉनचा एक अणू. आणि चार कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन."

मग तुम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलात आणि त्या बायकांना दगड कशाचा असतो ते सांगितलंत. इतकी वर्षं झाली तरी ते मला जसंच्या तसं सांगता येईल. आपल्या पायाखालचा बहुतेक सगळा दगड म्हणजे हेच समोसे, एकमेकांना कोपऱ्यांनी जोडलेले. एक कोपरा दोघांत वाटलेला. प्रत्येकाने तीन-तीन कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतले की त्यांची चादर होते. चौथा कोपरा मोकळा, टोकासारखा बाहेर आलेला. त्या टोकाला आणखी काय लागतं आणि मधे काय अडकतं, त्यावर तो अमुक खनिज की तमुक.

वर्गात दाखवायला तुम्हाला बांधून हवं होतं ते कॅव्हन्साइट. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणीत सापडणारं, गडद निळं. त्याच्या चादरीत चार समोशांची कडी असतात, आणि चार-चारांची कडी एकमेकांना जोडली की मधे आठांची मोठी भोकं राहतात. तुम्ही नकाशा काढून दिलात, समजावलंत, परीक्षेची देखरेख होती म्हणून निघून गेलात.

संध्याकाळी परत आलात तेव्हा चादर बांधून तयार होती. सहा-सहाची.

आमच्या हातांना सहाची सवय. षटकोनी कंदील आम्ही डोळे मिटून बांधतो. आमच्यासाठी कडं म्हणजे सहाचंच. संगीताने तुमचा नकाशा एकदा पाहिला, "हां, कळलं" म्हणाली आणि कामाला लागली. बाकीच्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मी सगळ्यांच्या हातांकडे. चाराचं कडं मधे एकदा कुणीतरी करून पाहिलं, ते लंगडत होतं, म्हणून सोडून दिलं.

तुम्ही दारातच थांबलात. "हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत ते."

"मी चाराचं सांगितलेलं."

"सहाचं जास्त बरं दिसतं," मी म्हणाले. मला वाटलं, कबूल करण्यापेक्षा हे बरं.

"शुभा, दगडाला बरं दिसायचं नसतं."

"मग त्याला गिऱ्हाईक नसेल."

पर्स टेबलावर ठेवून तुम्ही वाकून पाहिलंत. सगळी टोकं वर, सगळी एका बाजूला, शेतातल्या पेरणीसारखी. "हा तर अभ्रक बांधलात तुम्ही," तुम्ही म्हणालात. "अभ्रकाची चादर अशीच असते. म्हणून तर त्याचे पापुद्रे निघतात." मग त्या इस्त्रीच्या साडीत, खळ सांडलेल्या फरशीवर, मांडी घालून बसलात आणि एका रांगेच्या गाठी सोडून समोसे उलटे करायला घेतलेत. टोकं खाली. मग एक रांग सोडून परत. आम्ही सगळ्या गोल करून बघत उभ्या. संगीता कुजबुजली, "मॅडम रागावल्यात का?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण गाठी बऱ्या सोडतायत."

बऱ्याच वेळाने तुम्ही मान वर केलीत. "चूक नाही गं ही. हा दुसरा आहे."

पेंटागोनाइट हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही सांगितलंत: कॅव्हन्साइटमध्ये जे आहे तेच सगळं यात. कॅल्शियम तेवढंच, व्हॅनेडियम तेवढंच, सिलिकॉन तेवढाच, ऑक्सिजन तेवढाच, पाणी तेवढंच. सूत्र लिहिलं तर एका अक्षराचा फरक नाही. रंगही तोच निळा, कारण रंग व्हॅनेडियमचा. फरक इतकाच की एकात समोसे चार आणि आठांत बांधलेत, दुसऱ्यात सहांत. आणि एवढ्यावरून ती दोन वेगळी खनिजं. कॅव्हन्साइटच मुळात क्वचित मिळणारं. पेंटागोनाइट त्याहून दुर्मिळ. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागी, आणि त्यातली एक आपल्या राज्यात.

"म्हणजे सामान तेच, कंदील वेगळा," संगीता म्हणाली.

"अगदी," तुम्ही म्हणालात. आणि कॅव्हन्साइट आम्हाला परत बांधायला लावलंत. चाराची कडी. लंगडणारी. आमचे शिव्याशाप तुम्ही तिथेच बसून ऐकलेत.

त्यानंतर दरवर्षी तुम्ही पोरांना ही गोष्ट सांगून तास सुरू करायचात. "माझ्या धाकट्या जावेने चुकून दुर्मिळ खनिज बांधलं." एकदा मला नेऊन वर्गात उभंही केलंत. मी इतकी अवघडले की घरी येऊन तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला त्यात काय चुकलं तेच कळेना. तुमच्या हिशेबी तुम्ही माझं कौतुक केलेलं. आज मला वाटतं, केलेलंच.

कारण तोवर घरात माझ्या कामाला काम कुणी म्हणत नव्हतं. 'घरबसल्या कागद कापते' असं म्हणायचे, चांगल्या मनाने म्हणायचे. एका बारशाला विलासच्या, माझ्या नवऱ्याच्या, मावशीने ते म्हटलं आणि तुम्ही हातातली वाटी खाली ठेवलीत. "मावशी, हिचं वर्कशॉप आहे आणि माझी लॅब आहे. फरक एवढाच की हिचा माल खपतो." सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसानंतर कुणी कागद कापते म्हणालं नाही. वहिनी, याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत, कारण आपल्याकडे जावा एकमेकींचे आभार मानत नाहीत. एकमेकींच्या डब्यात न विचारता लोणचं भरतात. मी भरलं. तुम्हाला ब्लडप्रेशर होतं तरी भरलं. ते आभार होते असं समजा.

आपला एक वाद मात्र राहिला. मी पहिल्या दिवसापासून विचारत आले: याचा उपयोग काय?

तुम्ही दरवेळी वेगळं उत्तर द्यायचात, म्हणून माझा विश्वास बसायचा नाही. एकदा म्हणालात, अशा पोकळ्यांच्या सांगाड्यांतून चाळणीसारखे रेणू चाळता येतात, म्हणून लोक अभ्यास करतात. मी विचारलं, याच्यातून चाळतात का? तर म्हणालात, नाही, हा फारच थोडा मिळतो. एकदा म्हणालात, काही नाही. सरळ. काही उपयोग नाही. भेंडी चिरता चिरता. तुमचं स्वतःचं संशोधन त्यातल्या पाण्यावर होतं. दगड तापवला की पोकळीतलं पाणी निघून जातं. मग सांगाडा उभा राहतो की मोडतो, आणि पाणी परत दिलं तर तो परत घेतो का. ते अर्धं राहिलं. सासूबाईंचं आजारपण, कॉलेजचं काम, मशीनसाठी दुसऱ्यांच्या दारात ताटकळणं. तुम्ही त्याबद्दल कुरकुर केलीत असं मला आठवत नाही. एवढंच म्हणायचात, "माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मला मिळालं नाही म्हणून ते नाहीसं होत नाही."

आणि एकदा, दिवाळीच्या आधी, वर्कशॉपमध्ये माझ्यासोबत झिरमिळ्या चिकटवत बसलेल्या असताना, तुम्ही माझ्यावरच उलटलात.

"तुझ्या कंदिलाचा उपयोग काय?"

"विकला जातो."

"ते तुझ्यासाठी. घेणाऱ्याला काय?"

"उजेड पडतो."

"खोटं. उजेड बल्बाचा पडतो. कंदील उलट अडवतो."

तुम्ही जिंकल्याच्या थाटात पुढची झिरमिळी उचललीत आणि ती उलटी चिकटवलीत. उत्तर मला फार उशिरा सुचलं, यंदाच, ऑर्डरींच्या गडबडीत. नागडा बल्ब आपण बघत नाही, वहिनी. डोळे फिरवतो. कंदील लावला की बल्बाकडे बघवतं. मी ठरवलं होतं, यंदा तुम्ही वर्कशॉपला आलात की सांगायचं. तुम्ही आलाच नाहीत. मग ठाण्याचं हॉस्पिटल, आणि तिथे नाकात नळी असलेल्या माणसाशी वाद कसला घालायचा. आता सांगितलं. तुमचं त्यावर काहीतरी म्हणणं असणारच. ते मला कळणार नाही, हे मला अजून नीट पटलेलं नाही.

एकदाच मी खरा पेंटागोनाइट पाहिला. कॉलेजच्या कपाटातून तुम्ही घरी आणला होता, कापसात, काडेपेटीहून लहान डबीत. मी उत्साहाने झाकण उघडलं. राखाडी दगडाच्या कपच्यावर निळी सुई. तांदळाच्या कणीएवढी.

"एवढंसंच?"

"एवढंसंच," तुम्ही म्हणालात आणि भिंग दिलंत. "टोकाकडून बघ."

टोकाकडून ती सुई नव्हती. पाच टोकांची चांदणी होती. तुम्ही म्हणालात, म्हणूनच त्याचं नाव पाचावरून पडलंय. पण हीच गंमत आहे. स्फटिकाला पाचाचा आकार मुळात जमत नाही. पंचकोनी फरशा घेऊन जमीन भरून बघ, फटी राहतात. मग हा कसा झाला? तर तो एक नाहीच. पाच स्फटिक एकमेकांना चिकटून वाढलेत, गोल. प्रत्येकाच्या आत सहांची कडी, आणि बाहेरून पाचाची चांदणी. "सहा माणसांच्या पाच घरांनी मिळून एक वाडी केल्यासारखं," तुम्ही म्हणालात. मी भिंगातून पुन्हा पाहिलं. त्या वेळी उपयोगाचं विचारायचं मला सुचलं नाही. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

आणि हा सांगाडा. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कॉलेजने शाल दिली, मी म्हटलं, मी काय देऊ? तुम्ही म्हणालात, मोठा पेंटागोनाइट दे. तीन थरांचा. मधे व्हॅनेडियमसकट. समोसे मी वर्कशॉपमध्ये करून आणले, पांढरे. व्हॅनेडियमचे निळे मनोरे, चौकोनी तळाचे, तुम्ही स्वतः कापलेत. तळाच्या चार कोपऱ्यांना वरच्या आणि खालच्या चादरीची टोकं येऊन मिळतात; त्याच्यामुळेच चादरी एकमेकींना धरून राहतात. कॅल्शियमला थर्माकोलच्या गोळ्या. पाण्याला मणी. या खोलीत, या पलंगावर तुम्ही आणि शिडीवर मी, रोज दुपारी. भाऊजी बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत. बांधून झाला आणि तुम्ही म्हणालात, "आता बाहेर हॉलमध्ये लावू या."

दार उघडलं. सांगाडा दाराशी नेला. आडवा केला. तिरका केला. मी टेप आणली आणि दार मोजलं. जे आधी करायचं ते.

"एम.एस्सी. आहात ना तुम्ही?" मी विचारलं.

"आणि तू वर्कशॉप चालवतेस ना?"

आपण दोघी पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. भाऊजी सामना सोडून आत आले. परिस्थिती पाहिली. म्हणाले, "मग आता काय, याच्याखाली झोपायचं मी?" आणि झोपायला लागले. हूक बरोबर पलंगाच्या वर होता.

यातून मी एक शिकले, आणि ते अजून वर्कशॉपच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लावलंय: आधी एक करा, दारातून नेऊन बघा, मग बाकीचे. दिवाळीत मोठ्या कंदिलांची ऑर्डर आली की नव्या मुली ते वाचून हसतात. मी समजावत बसत नाही.

चहा झाला. भाऊजींनी कप माझ्या हातात दिला आणि शिडीला टेकून उभे राहिले.

"मला त्यातलं काही कळत नाही, शुभा. ती रात्री सांगायची. मी हूं म्हणायचो. झोपायचो."

"माहितेय मला. वहिनींनी सांगितलेलं."

"काय सांगितलेलं?"

"की तुम्ही हूं म्हणता आणि झोपता."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "ती गेली. आता हे सुटं करून पिशवीत भरलंस की मग काही राहणार नाही. कागदाचे त्रिकोण राहतील. तुझ्याकडे तसले हजार आहेत."

याला उत्तर होतं माझ्याकडे. मी म्हणणार होते की भाऊजी, तुकडे म्हणजे काही नाहीच, बांधणीच सगळं आहे. ती येत असेल तर परत उभं राहतं. वहिनी, हे तुमचंच वाक्य मी तोंडात घेतलं होतं. पण त्याआधी मी वर पाहिलं. कडी सहांची, ते मला येतं. निळे मनोरे कुठे बसतात तेही येतं. पण कुठल्या रांगेची टोकं वर आणि कुठल्या खाली, वरच्या थरात आणि खालच्या थरात, तो क्रम माझ्या हातात नाही. तेव्हा तुम्ही खालून सांगायचात, "ही उलट, शुभा, ही नको," आणि मी शिडीवरून ऐकायचे. मी कधी स्वतः लक्षात ठेवलंच नाही, ठेवायची गरजच नव्हती. मी वरून पाहिलेलं, आणि वरून तीन थरांत काही दिसत नाही.

म्हणजे भाऊजी बरोबर होते. मला अभ्रक येतो.

तुम्हाला फोन लावायला मी मोबाइल हातात घेतला. खरंच घेतला. तुमचं नाव वर आलं, आणि मग मी तो पालथा ठेवला. फोटो काढता येतील, मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली. फोटोत सगळे समोसे एकमेकांवर चढतात, ते त्यांनी आधीच काढून पाहिलं होतं. कॉलेजात कुणाला विचारता येईल, पुस्तकातली आकृती मिळेल. तेही खरं. पण ती आकृती कुणी का देईना, त्या आकृतीवरून दुसराच सांगाडा उभा राहील, हा नव्हे. यात तुम्ही एका कोपऱ्यात एक समोसा मुद्दाम पिवळा लावलाय, 'बघणाऱ्याला सुरुवात कुठून करायची कळावी म्हणून', आणि त्याच्यापासून पुढे कसं जायचं ते फक्त तुम्हाला माहीत.

मी कात्री पर्समध्ये टाकली. "उद्या बघू," म्हटलं. भाऊजींना बरं वाटलं. मला नाही.

शनिवार.

सकाळी वर्कशॉप उघडून संगीताला एवढंच म्हटलं की शंभर नको, बारा समोसे दे, पांढरे. तिने मोजून दिले, वर निळ्या कागदाचा ताव दिला. एक पिवळाही टाकला. कळव्याला आले तेव्हा भाऊजींनी दाढी केलेली होती आणि तेराव्यानंतर पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घातलेला.

मी पलंग बाजूला सरकवला आणि सांगाड्याच्या बरोबर खाली फरशीवर बसले. ठरवलं होतं की काही सोडायच्या आधी खालच्या थराचा एक तुकडा शेजारी तसाच्या तसा बांधून बघायचा. जमला तर सोडायचं. नाही जमला तर नाही, मग बिल्डरच्या माणसांनी काय करायचं ते करू दे. पिवळ्यापासून सुरुवात केली. सहा बांधले, कडं झालं. पुढचं कडं जोडलं. मान वर करून बघायचे, खाली बघून बांधायचे, तोवर वरचं विसरायचे.

भाऊजी खुर्चीवर बसून बघत होते. मग म्हणाले, "अभ्रक होतोय तुझा."

"कशावरून?"

"टोकं सगळी वर गेली."

"मग कुठली खाली?"

त्यांनी वर पाहिलंही नाही. खुर्चीवरून उतरले, गुडघे धरत धरत माझ्या समोर फरशीवर बसले आणि पिवळ्याच्या शेजारच्या रांगेवर बोट ठेवलं. "ही. मग पुढची रांग वर. मग ही परत. आणि तिथे, कोपऱ्यात, तो एक निळा मनोरा आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूंना तुझी टोकं यायला हवीत, खालून. आत्ता एकच येतंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय बघतेस? मी रोज खालून बघतोय, शुभा. आधी झोप येईपर्यंत. आता झोप येत नाही म्हणून." मग जरा चिडून, "कळत काही नाही मला त्यातलं. पण बघितलेलं आहे."

मी ती रांग उलटी केली. निळ्या कागदाचा मनोरा कापून बसवला. दोन्ही टोकं तळाच्या दोन कोपऱ्यांना येऊन लागली, ओढूनताणून नव्हे, आपोआप. मी तो तुकडा उचलून सांगाड्याच्या खालच्या थराशी धरला. तसाच होता. भाऊजींनी तो माझ्या हातातून घेतला, मान तिरकी करून खालून पाहिला आणि "हूं" म्हणाले.

मग त्यांनी शिडी लावली. मी म्हटलं, मी चढते, तुमचे गुडघे. ते म्हणाले, "तू खाली थांब आणि क्रम लिही. मी सांगतो तसा." आणि वर चढून, चष्मा नाकावर ओढून, पहिली गाठ त्यांनीच सोडली.